खुणा जपण्याचे मनन

हे वाचायला बसताना तासभर मोकळा ठेवा. संगणक सुरू असू द्या, पण हात अजून मांडीवरच राहू द्या. करायचे काम छोटे आहे. ब्राउझरमध्ये साठवलेले बुकमार्क एका फाइलीत काढायचे, ती फाइल दुसऱ्या जागी ठेवायची आणि गरज पडली तर तिच्यातून सगळे परत येते का ते पाहायचे. उरकायचेच ठरवले तर पाच मिनिटांत उरकेल. आज उरकायचे नाही. ही यादी म्हणजे गेल्या काही वर्षांतल्या आपल्या गरजा, हौशी आणि अर्धवट सोडलेले बेत यांची ओळीने झालेली नोंद आहे. जपण्याआधी ती एकदा नीट वाचायला हवी.

पाहा

क्रोम किंवा फायरफॉक्स उघडा. कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरा आणि ओ दाबा. बुकमार्कांची सगळी यादी समोर येईल. कशावरही क्लिक करू नका. नजर सावकाश वरून खाली जाऊ द्या.

बीड जिल्ह्यातल्या एखाद्या घरातल्या संगणकावर काय काय सापडेल? सातबारा पाहण्याचे भूलेख. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी महाडीबीटी. पीकविम्याचे पान, जे दर खरिपात शोधावे लागते. कापसाचा आणि सोयाबीनचा भाव. सीईटीची तारीख. कुणीतरी सांगितलेल्या औषधाची माहिती. एक जुने गाणे. एका नोकरीची जाहिरात, जिची मुदत केव्हाच संपली. इंग्रजी शिकवणारे एक पान, जे एकदाच उघडले.

एका ओळीवर थांबा. ती तुम्ही कोणत्या दिवसांत ठेवली, ते आठवा. कशाची निकड होती? घरात कुणाचे दुखत होते, कुणाची परीक्षा होती, कुठल्या अर्जाची शेवटची तारीख होती? प्रत्येक बुकमार्क म्हणजे आपणच आपल्याला दिलेला शब्द असतो, की इथे मी पुन्हा येईन. त्यातले किती शब्द पाळले, याचा हिशेब आज मांडू नका. पाळायचे राहिलेलेही आपलेच आहेत. ते शांतपणे वाचा आणि पुढच्या ओळीवर जा.

ओळखा

आता जरा खोल जाऊ. बुकमार्कमध्ये नक्की काय साठलेले असते? पानाचे नाव, त्याचा पत्ता, कोणत्या फोल्डरमध्ये ठेवले ती जागा आणि ठेवल्याची वेळ. बस्स. पानावरचा मजकूर त्यात नसतो. 1993 मध्ये मोझाइक नावाच्या ब्राउझरने आवडत्या पानांची यादी ठेवण्याची सोय दिली, तेव्हाही गाभा हाच होता आणि आजही तोच आहे. आपण जपतो तो पत्ता. घर दुसऱ्याचे असते आणि ते हलवण्याचा, पाडण्याचा अधिकारही त्याचाच असतो.

घरे हलतात. महाराष्ट्राचे महाभूलेख एके काळी महाराष्ट्र शासनाच्या मुख्य पत्त्याखाली होते. पुढे ते महाभूमीच्या पत्त्यावर गेले. ज्याने जुना पत्ता जपला होता, त्याची खूण शाबूत राहिली. ती दाखवत होती ती जागा बदलली. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. 2013 साली अस्तित्वात असलेल्या पानांपैकी 38 टक्के पाने दहा वर्षांनी उघडत नव्हती. म्हणजे दहा वर्षांपूर्वीच्या यादीची उत्तमात उत्तम प्रत काढली, तरी तिच्यातल्या बऱ्याच दारांमागे आज काहीच नसेल.

खूण ठेवणाऱ्या सेवाही कायमच्या नसतात. वेगवेगळ्या ब्राउझरांतले बुकमार्क जुळवून देणारी एक्समार्क्स 2018 मध्ये बंद झाली. नंतर वाचायची पाने साठवणारी पॉकेट 2025 च्या जुलैत बंद झाली. वापरणाऱ्यांना आगाऊ सूचना मिळाली होती, आपली यादी काढून घेण्याची सोयही होती. ज्यांनी वेळेत काढली, त्यांच्याकडे ती राहिली.

इथे एक प्रश्न स्वतःला विचारा आणि उत्तराची घाई करू नका. समोरच्या यादीतले मला नक्की काय हवे आहे, पत्ता की पत्त्यावरचा मजकूर? शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळाचा पत्ता पुरतो, कारण तिथे जाऊनच काम करायचे असते. पण एखादा लेख, एखादा निकाल, भरलेल्या अर्जाची पोच हवी असेल, तर त्याची पीडीएफ आजच उतरवून ठेवायला हवी. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा राज्यात 1 मे 2018 पासून मिळू लागला; तो उतरवून फाइल म्हणून ठेवता येतो. सार्वजनिक पान असेल तर इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनवर त्याची प्रत ठेवण्याची विनंती करता येते. वेबॅक मशीन 2001 पासून सर्वांना खुले आहे. बुकमार्कचा बॅकअप हे काम करत नाही. त्याच्याकडून जेवढे होते तेवढेच मागावे.

उतरवा

आता हात कळफलकावर आणा. यादी वाचता वाचता काही ओळी पुसून टाकाव्यात असे वाटले असेल. थांबा, आधी सगळी यादी जशी आहे तशी उतरवून घ्या. आज निरुपयोगी वाटणारी ओळ महिन्याने लागते, हा अनुभव बहुतेकांना आहे. निवड नंतर करता येते. पुसलेले परत मिळेलच असे नाही.

क्रोममध्ये बुकमार्कांच्या यादीच्या वर कोपऱ्यात तीन टिंबे आहेत. त्यांत बुकमार्क एक्सपोर्ट करण्याचा पर्याय आहे. फायरफॉक्समध्ये यादीच्या खिडकीत इंपोर्ट आणि बॅकअपच्या मेनूत दोन वेगळ्या गोष्टी दिसतील. एक, एचटीएमएल फाइल काढणे, जी कुठल्याही ब्राउझरला वाचता येते. दुसरी, फायरफॉक्सचा स्वतःचा बॅकअप, जो फायरफॉक्समध्येच परत भरायचा असतो. दोन्ही काढा. फाइलीच्या नावात तारीख घाला. फोनवर ठेवलेले बुकमार्क असतील तर खात्याद्वारे ते आधी संगणकावर येऊ द्या आणि तिथून फाइल काढा.

निघालेली एचटीएमएल फाइल आता नोटपॅडमध्ये उघडा. घाबरू नका, बिघडणार काही नाही, फक्त काही बदलून सेव्ह करू नका. पहिल्याच ओळीत नेटस्केपचे नाव दिसेल. 1994 मध्ये आलेल्या या ब्राउझरची देखभाल 2008 मध्ये थांबली. आज वापरात असलेले क्रोम आणि फायरफॉक्स मात्र बुकमार्क काढून देताना त्याच्याच पद्धतीने लिहितात. ब्राउझर गेला, लिहिण्याची पद्धत राहिली. ती राहिली कारण साधी आहे: उघडा मजकूर, कुठल्याही यंत्राला वाचता येईल असा. खाली प्रत्येक पत्त्याशेजारी एक लांबलचक आकडा दिसेल. 1 जानेवारी 1970 पासून किती सेकंद झाले ते मोजून त्यात बुकमार्क ठेवल्याची वेळ लिहिलेली असते. तुमचा तो दिवस, ती निकड, या आकड्यात बसलेली आहे. क्षणभर त्याकडे पाहा.

अंबाजोगाईचे संतकवी दासोपंत आठवण्याची ही जागा आहे. 1551 ते 1615 हा त्यांचा काळ. लिहिण्याचा झपाटा असा, की त्यांना रोज ढबू पैशाची शाई लागे, असे सांगतात. त्यांनी पंचीकरण हा वेदान्ताचा विषय कागदावर न मांडता जाड कापडाच्या पासोडीवर मांडला. सुमारे 40 फूट लांब आणि 4 फूट रुंद अशी ही पासोडी अंबाजोगाईत आजही आहे. चार शतकांनंतरही, अक्षरे येणाऱ्या माणसाला ती समोर पसरून वाचता येते. वाचायला कुठले यंत्र लागत नाही.

याच्या उलट गोष्टही मराठीने पाहिली आहे. महानुभाव पंथीयांनी आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपीत बंद केले. परक्यांच्या हाती पडून त्यांचा अवमान होऊ नये, ही त्यामागची काळजी होती. ग्रंथ टिकले, पण पंथाबाहेरच्या वाचकाला ते शतकानुशतके मुके राहिले. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ती लिपी उलगडली तेव्हा ते बोलू लागले. म्हणून स्वतःला विचारा: मी जे जपतो आहे, ते माझ्यानंतर किंवा हे यंत्र बंद पडल्यानंतर कुणाला उघडता येईल का? एखाद्याच कंपनीच्या खात्यात अडकलेली यादी आणि कुठेही उघडणारी फाइल, यांतला फरक इथे कळतो.

निवडा

प्रत हाती आली. आता समोरच्या यादीकडे पुन्हा वळा. आता निवडायला हरकत नाही.

दिवाळी झाली की बीडमधून ऊसतोडीची बिऱ्हाडे निघतात. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, कोयता घेतलेला असतो आणि पाच-सहा महिने कारखान्याच्या फडावर काढायचे असतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत जागा मोजकी. काय न्यायचे, काय कुलूप लावून मागे ठेवायचे आणि काय शेजारच्या म्हातारीच्या हवाली करायचे, हे घरातली बाई ठरवते, आणि तिला यादी करावी लागत नाही. तुमच्या बुकमार्कांनाही असेच तीन वाटे पुरतात. जे आठवड्याला लागते, ते वरच्या पट्टीवर. जे क्वचित लागते पण पुन्हा शोधायला अवघड, ते नाव दिलेल्या फोल्डरमध्ये. बाकीचे काढलेल्या प्रतीत आहेच. समोरून जाऊ द्या.

ज्यांची समाधी अंबाजोगाईत आहे त्या मुकुंदराजांच्या ग्रंथाचे नाव विवेकसिंधू. टिकणारे कोणते आणि न टिकणारे कोणते हे ओळखणे, म्हणजेच विवेक, हा वेदान्तातला पहिला धडा. इथे तो फार मोठ्या अर्थाने लावायची गरज नाही. एकेका ओळीवर बोट ठेवून एवढेच विचारा: हिचे काम संपले आहे का? संपले असेल तर ती पुसताना रुखरुख वाटेल. ती वाटू द्या, दाबू नका. त्या नोकरीच्या जाहिरातीमागे तुमची एक आशा होती. ती पूर्ण झाली नसेल. ओळ पुसली म्हणून ती आशा खोटी ठरत नाही. तिच्या पत्त्याची मात्र आता गरज उरलेली नाही.

निवडताना आणखी एक काम सोबत करा. शासकीय संकेतस्थळांचे पत्ते बारकाईने वाचा. अर्ज भरायच्या दिवसांत शोधयंत्रात वरवर सारखी दिसणारी, शुल्क उकळणारी खोटी पाने येतात. शेवटी जीओव्ही डॉट इन असलेला खरा पत्ता एकदा खात्री करून ठेवला, तर दरवेळी शोधावे लागत नाही आणि फसण्याची शक्यता कमी होते. ई-सेवा केंद्र चालवणाऱ्याला हे सांगायला नको. त्याच्या पट्टीवरचे पत्ते हीच त्याच्या धंद्याची हत्यारे. ज्यांचे काम दुसऱ्याच्या संगणकावर होते, त्यांनी मात्र तिथे आपल्या खात्यात शिरून बुकमार्क मागे सोडू नयेत.

दूर ठेवा

फाइल आता डाउनलोड्समध्ये पडलेली आहे. डोळे मिटून विचार करा: हा संगणक उद्या सुरूच झाला नाही तर? वीज चमकली, पाणी शिरले, डिस्क गेली. त्याच डिस्कवरची प्रत डिस्कबरोबरच जाते. फायरफॉक्स आपसूक काही जुने बॅकअप ठेवतो, क्रोमही आपल्या यादीची एक मागची प्रत ठेवतो. चुकून पुसलेले आणायला त्या उपयोगी पडतात, पण त्या राहतात त्याच घरात.

मग सिंक आहे ना, असे मनात येईल. सिंक सोयीचे आहे, नव्या फोनवर यादी लगेच येते. पण सिंकचे काम सगळीकडे सारखेच दिसावे हे आहे. फोनवर चुकून एक फोल्डर पुसले, तर तेच पुसणे संगणकावरही पोचते. सिंक आजची स्थिती जपते. बॅकअपने कालची स्थिती जपायची असते. ही दोन कामे वेगळी आहेत, हे मनात पक्के बसू द्या.

एकाच प्रतीवर विसंबण्याचा धोका मराठीला पहिल्या गद्य चरित्रग्रंथापासून माहीत आहे. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी यांच्या आठवणी त्यांचे अनुयायी म्हाइंभट यांनी माणसामाणसाकडे जाऊन गोळा केल्या आणि रिद्धपूर येथे लीळाचरित्र सिद्ध केले. चौदाव्या शतकाच्या आरंभीच्या धामधुमीत ते मूळ हस्तलिखित हरवले. ग्रंथ वाचला तो पंथातल्या हिराइसेसारख्यांच्या पाठांतरामुळे. तिच्या स्मरणातून आणि इतरांच्या आठवणींतून तो पुन्हा लिहून काढावा लागला, आणि म्हणूनच पुढे त्याचे एकाहून अधिक पाठ तयार झाले. परत मिळाले ते अमोल होते, पण पहिल्या प्रतीशी ताडून पाहायला पहिली प्रतच नव्हती.

आपल्यापाशी हिराइसा नाही. कुणालाही शेकडो पत्ते पाठ होत नाहीत. पण तीन प्रतींचा साधा नियम आहे: एक संगणकात, एक पेनड्राइव्हवर, एक घराबाहेर. स्वतःला ईमेलने पाठवलेली फाइलही घराबाहेरची प्रत ठरते. मुलगा पुण्यात शिकत असेल तर त्याच्याकडे एक प्रत द्या. त्या यादीत दवाखान्याची किंवा पैशाच्या व्यवहाराची पाने असतील, तर ती कुणाच्या हाती जाते याचा विचार करूनच द्या. पासवर्ड या फाइलीत जात नाहीत, पण तुम्ही काय काय पाहता हे तिच्यातून समजते.

परत आणा

शेवटचा भाग सर्वांत जास्त टाळला जातो, म्हणून त्याला सर्वांत जास्त वेळ द्या. काढलेली फाइल दुसऱ्या ब्राउझरमध्ये परत भरून पाहा. नेहमी क्रोम वापरत असाल तर फायरफॉक्समध्ये, नाहीतर क्रोममध्येच नवे प्रोफाइल उघडून. इथे एक सावधगिरी हवी. एचटीएमएल फाइल आत घेतली की ती आधीच्या यादीत भर घालते. दोनदा घेतली तर सगळे दोनदा दिसते. फायरफॉक्सचे रिस्टोअर मात्र आधीची यादी पूर्ण बदलून बॅकअपमधली यादी तिथे बसवते. बदलण्याआधी तो विचारतो. तो प्रश्न वाचून मगच होकार द्या. आणि रिस्टोअर करण्याआधी आजची यादीही उतरवून घ्या. जुनी यादी परत आणताना नवी हरवायला नको.

आता ताडून पाहा. सगळी फोल्डरे आली का? मराठी नावे नीट वाचता येतात का, की चौकोन आणि प्रश्नचिन्हे दिसतात? तीन-चार पत्ते उघडून पाहा. हा ताडून पाहण्याचा कंटाळा मोठमोठ्यांनी केलेला नाही. ज्ञानेश्वरीच्या प्रती उतरताना त्यांत चुका आणि भर शिरली होती, म्हणून एकनाथांनी शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, पैठणला प्रती ताडून पाठ शुद्ध केला. त्यानंतर तीनशेहून अधिक वर्षांनी राजवाड्यांना बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथांच्या आधीची आहे असे त्यांचे मत झाले आणि 1909 मध्ये त्यांनी ती संपादून छापली. कोणता पाठ मूळचा, यावर अभ्यासक पुढेही वाद घालत राहिले. वाद घालता आला, कारण बीडमध्ये कुणीतरी एक प्रत वेगळी जपली होती. ज्याने ती जपली, त्याला हा वाद होईल हे ठाऊक नव्हते. जपण्याचे काम असेच असते: उपयोग कुणाला आणि केव्हा होईल, हे जपणाऱ्याला बहुधा कळत नाही.

परत आलेल्या यादीवर एकदा नजर फिरवा. ती मघाचीच आहे, पण आता तुम्हाला तिच्यातली प्रत्येक ओळ ओळखू येते. कोणती जिवंत, कोणती नुसता पत्ता, कोणती कुणासाठी ठेवलेली. एवढे ओळखले म्हणजे आजचे मनन झाले.

आता उठा, पण दोन गोष्टी करून. फाइल कुठे ठेवली आहे, हे घरातल्या एका माणसाला सांगा. आणि दिवाळीच्या आधी व शाळा सुरू होण्याच्या सुमारास, असे वर्षातून दोनदा हेच काम पुन्हा करायचे ठरवा. पुढच्या वेळीही नुसती फाइल काढून बॅकअप काढला, असे म्हणू नका. जी फाइल एकदाही परत भरून पाहिली नाही, तिला बॅकअप म्हणता येत नाही. परत भरून पाहा आणि मग निर्धास्त व्हा.